आजोबांच्या ट्रंकेतला नवा करार: हे कुणी लिहिलं आणि कशासाठी?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. कराडच्या जुन्या घराची आवराआवर करताना आजोबांच्या ट्रंकेत तुम्हाला मराठी नवा करार सापडला. मिरजेच्या मिशन इस्पितळात त्यांचं ऑपरेशन झालं होतं, तेव्हा कुणीतरी तो हातात ठेवला असावा, असा घरच्यांचा अंदाज. तुम्ही उत्सुकतेनं उघडलात, तर पहिल्याच पानावर नुसती नावांची रांग. पुढं एकच गोष्ट चार वेळा, मग कुणाकुणाला लिहिलेली पत्रं. ऑफिसातल्या ख्रिस्ती सहकाऱ्याकडचं पुस्तक याच्या चौपट जाड, आणि वसईच्या कॅथलिक मैत्रिणीकडचं त्याहून जाड. शेवटी तुम्ही विचारलंय: हे कुणी लिहिलं, कधी लिहिलं, आणि इतक्या जणांनी लिहिलं असेल तर ते पवित्र कसं?

मला वाटतं, तुमची खरी अडचण त्या शेवटच्या तुकड्यात आहे. धर्मग्रंथ म्हटला की तो एका मुखातून आलेला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एका सुरात बोलणारा असणार, असं आपण धरून चालतो. बायबल तसं नाही आणि तसं असल्याचा दावाही करत नाही. ही एक गोष्ट आधी लक्षात आली की नावांची रांग, चार वेळा सांगितलेली गोष्ट, कमी-जास्त जाडी, सगळ्याची उत्तरं सापडायला लागतात.

मी सातारला राहते. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले आणि गेली 31 वर्षं आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, शास्त्राभ्यासाचा वर्ग घेते. माहेर मिरजेचं, त्यामुळं इस्पितळातल्या खाटेशेजारच्या लोखंडी कपाटावर ठेवलेली अशी पुस्तकं लहानपणापासून पाहिली आहेत. मी श्रद्धेनं वाचणारी बाई आहे, हे आधीच सांगते. पुढचं पुष्कळसं तुम्ही कशासाठी वाचणार यावर अवलंबून आहे. आजोबांची आठवण म्हणून, इतिहास म्हणून, की स्वतःच्या जिवाला काही सापडतं का म्हणून? इतिहास कुठं संपतो आणि माझी श्रद्धा कुठं सुरू होते, ते मी त्या त्या जागी सांगेन.

आपल्याकडं जुन्या कागदांचा नाद असलेली माणसं पुष्कळ. तुम्ही एखादं मोडी दप्तर पाहिलं असेल तर कापडी रुमालात बांधलेले गठ्ठे डोळ्यांपुढं येतील. एका रुमालात महजर, म्हणजे निवाड्याचे कागद, एकात घरगुती पत्रं, एकात जमाखर्च, एकात वंशावळी. 'या दप्तराचा लेखक कोण?' असं तिथं कुणी विचारत नाही. रुमाल सोडायचा, कागद उजेडात धरायचा आणि बघायचं की कुणी कुणाला लिहिलं, कोणत्या प्रसंगी लिहिलं. बायबल हे असं दप्तर आहे. मूळ ग्रीक शब्द 'बिब्लिया', म्हणजे 'पुस्तकं'. अनेकवचनच आहे ते. प्रॉटेस्टंट मंडळींच्या बायबलात 66 पुस्तकं: जुन्या करारात 39, नव्यात 27. त्यांत कायदे आहेत, राजांच्या बखरी आहेत, स्तोत्रं, विलापगीतं, म्हणी, प्रेमगीतं, संदेष्ट्यांची खरमरीत भाषणं आणि पत्रं आहेत. भाषा मुख्यतः हिब्रू आणि ग्रीक, थोडा भाग अरामी. लिहिण्याचा काळ सुमारे हजार वर्षांचा. तुमच्या हाती आहे तो या दप्तराचा शेवटचा, सगळ्यांत लहान काळात लिहिला गेलेला भाग. सहकाऱ्याच्या पुस्तकात जुना करारही आहे, म्हणून ते जाड.

जुना करार मुळात यहुदी लोकांचं शास्त्र. त्यातलं पुष्कळ आधी तोंडी चालत आलेलं. इसवी सनापूर्वी 587 च्या सुमारास बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्यानं यरुशलेम (जेरुसलेम) पाडलं, मंदिर जाळलं आणि लोकांना बंदिवान करून नेलं. देऊळ, राजा, जमीन एकदम गेल्यावर आपण कोण, देवानं आपल्याशी काय करार केला होता आणि आपलं कुठं चुकलं, हे विसरू नये म्हणून जुने लेख जमवण्याची, जुळवण्याची निकड लागली. या काळात आणि त्याच्या पुढच्या पिढ्यांत जुन्या कराराच्या मोठ्या भागाला आजचं रूप आलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

हे काम प्रत्यक्ष कसं चालायचं, याचं चित्र बायबलातच आहे. यिर्मयाच्या पुस्तकाचा 36 वा अध्याय मी प्रत्येक नव्या वर्गाला पहिल्या आठवड्यात वाचून दाखवते. यिर्मया संदेष्टा तोंडानं सांगतो आणि बारूख नावाचा लेखनिक शाईनं गुंडाळीवर उतरवतो. ती मंदिरात वाचली जाते, मग राजवाड्यात पोचते. हिवाळा आहे, राजा यहोयाकीम शेगडीपुढं बसलाय. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा लेखनिकाचा चाकू घेऊन तेवढा तुकडा कापतो आणि निखाऱ्यांत टाकतो. असं करत अख्खी गुंडाळी जाळतो. मग यिर्मया दुसरी गुंडाळी घेतो, बारूख सगळं पुन्हा लिहून काढतो, आणि शेवटी नोंद येते की यात तशाच आणखी पुष्कळ वचनांची भर पडली. म्हणजे दुसरी प्रत पहिलीपेक्षा मोठी झाली हे शास्त्र स्वतःच सांगतं, लपवत नाही. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. समर्थ सांगत आहेत आणि कल्याणस्वामी शिवथरघळीत दासबोध उतरवून घेत आहेत, हे चित्र सज्जनगडाच्या पायथ्याला वाढलेल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असतं.

इथं माझीच एक चूक सांगते. वर्ग घ्यायला लागले तेव्हा मी ठासून सांगत असे की देवानं शब्द न् शब्द कानात सांगितला आणि माणसांनी नुसता लिहिला. एका नववीतल्या मुलीनं तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातलं वाक्य काढून दाखवलं. पौल, म्हणजे पहिल्या पिढीतला येशूचा प्रचारक, लिहितो: येताना त्रोवस गावात कार्पाजवळ राहिलेला माझा झगा घेऊन ये, आणि पुस्तकं, विशेषतः चर्मपत्रं. तिनं विचारलं, "बाई, हा झगा देवानं मागितला का?" मला उत्तर देता आलं नाही. घरी जाऊन ते पत्र पहिल्यापासून वाचलं. तुरुंगातला माणूस आहे, हिवाळ्यापूर्वी यायला विनवतो आहे, एकटा पडला आहे. त्या दिवसापासून मी माझं सांगणं बदललं. ख्रिस्ती परंपरेतला शब्द 'प्रेरणा' आहे. देवानं माणसाला बाजूला सारून लिहिलं नाही, त्या माणसाच्या थंडीतून, भाषेतून, स्वभावातून तो बोलला, असं आम्ही मानतो. वेद अपौरुषेय मानले जातात. त्या अर्थानं बायबल अपौरुषेय मानलं जात नाही. देव माणसात आला हाच जिथं श्रद्धेचा गाभा आहे, तिथं देवाचं वचनही माणसाच्या हस्ताक्षरात आलं तर मला ते विसंगत वाटत नाही. ही माझी श्रद्धा झाली. झगा मात्र इतिहास आहे.

आता तुमच्या हातातल्या पुस्तकाकडं येऊ. छापलेल्या क्रमानं आधी चार शुभवर्तमानं, म्हणजे येशूची गोष्ट सांगणारी पुस्तकं, येतात आणि मग पत्रं, पण लिहिण्याचा क्रम जवळजवळ उलटा. येशूला क्रुसावर दिलं ते सन 30 च्या आसपास. त्यानंतर वीसेक वर्षं गोष्ट तोंडातोंडी चालली. सांगणारे साक्षीदार जिवंत होते, पुस्तकाची गरज कुणाला भासली नव्हती. हाती असलेल्या लेखांत सगळ्यांत जुनी आहेत ती पौलाची पत्रं. थेस्सलनीकाकरांस लिहिलेलं पहिलं पत्र सन 50 च्या सुमाराचं. एखाद्या शहरातल्या मंडळीत भांडण लागलं, शंका निघाली, पैशांचा प्रश्न आला, की पत्र जाई. कलस्सैकरांच्या पत्रात तर स्पष्ट सांगितलंय की हे वाचून झालं की लावदिकीयाच्या मंडळीतही वाचायची व्यवस्था करा. अशी पत्रं फिरली, नकला झाल्या, गठ्ठे जमले.

यातलं एकच पत्र जवळून बघा: फिलेमोनाला लिहिलेलं. 25 ओव्या, म्हणजे क्रमांक घातलेले छोटे तुकडे, मोठ्यानं वाचायला पाच मिनिटंही लागत नाहीत. फिलेमोन हा सुखवस्तू गृहस्थ, त्याच्या घरात मंडळी जमते. त्याचा दास अनेसिम त्याच्यापासून दूर गेलाय, बहुधा पळून. कैदेतल्या पौलाशी त्याची गाठ पडते आणि तो विश्वासात येतो. पौल त्याला पत्र देऊन परत पाठवतो: याला दास म्हणून नको, प्रिय बंधू म्हणून घे, तो तुझं काही देणं लागत असेल तर माझ्या नावावर मांड. आणि मग, हे मी पौल माझ्या हातानं लिहितोय, मी फेडीन.

वर्गात मी हे पत्र बसून वाचू देत नाही. एकानं उभं राहून, आत्ताच हातात पडल्यासारखं वाचायचं, आणि बाकीच्यांनी सांगायचं की या क्षणी खोलीत कोण कोण आहे. एका वर्षी ऊसतोडीचे एक मुकादम वर्गाला येत. ऐकून झाल्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे बाई, उचल बुडवून पळालेल्या माणसाला परत घे म्हणतोय, आणि त्याची उचल मी भरतो म्हणतोय. आणि पत्र सगळ्या मंडळींसमोर वाचायला लावलंय. तो पोरगा दारात उभा असणार." वर्गातल्या कुणालाच पुढं काही बोलायला सुचलं नाही. मी त्या पत्रावर पुष्कळ भाष्यं वाचली होती. दारातला पोरगा मला त्या दिवशी दिसला.

अडचणीची बाजूही सांगायला हवी. पौल गुलामगिरी मोडा असं त्या पत्रात म्हणत नाही. अमेरिकेत गुलामगिरीच्या समर्थकांनी हे पत्र पळालेल्या गुलामांना परत पाठवण्यासाठी वापरलं, आणि विरोधकांनी त्यातलाच 'बंधू' हा शब्द उचलून धरला. पत्र कुणाला आणि का लिहिलं हे सोडून नुसती ओवी उचलली की काय होतं, ते इथं दिसतं. म्हणून मी एवढी त्या प्रश्नाला चिकटून आहे.

शुभवर्तमानं पत्रांच्या नंतरची. पाहिलेली, ऐकलेली पिढी जायला लागली, मंडळ्या दूरदूरच्या गावांत झाल्या, तेव्हा गोष्ट लिहून ठेवणं भाग पडलं. मार्क बहुधा पहिला, सन 70 च्या आगेमागे. योहान शेवटचा, पहिल्या शतकाच्या अखेरीस. लूकची सुरुवात तर एखाद्या संशोधकाच्या प्रस्तावनेसारखी आहे. तो थियफिल नावाच्या गृहस्थाला सांगतो की पुष्कळांनी हे लिहायचा प्रयत्न केलाय, मीही सगळं मुळापासून तपासून अनुक्रमानं लिहितोय, तुम्हाला मिळालेल्या शिक्षणाची खात्री पटावी म्हणून. योहान आपला हेतू 20 व्या अध्यायाच्या शेवटी सांगून टाकतो: तुम्ही विश्वास ठेवावा आणि विश्वासानं तुम्हाला जीवन मिळावं म्हणून हे लिहिलं. तुम्ही विचारलेल्या 'कशासाठी'चं उत्तर लेखकांनी स्वतःच देऊन ठेवलंय.

मग चार कशाला? दुसऱ्या शतकात तातियान नावाच्या लेखकानं चारही एकत्र विणून एक सलग चरित्र तयार केलं होतं आणि सिरियातल्या मंडळ्यांत ते बराच काळ वाचलं जात होतं. त्याच शतकात मार्शियननं उलटा मार्ग धरला. जुना करार नाकारला आणि काटछाट केलेला लूक व पौलाची काही पत्रं एवढंच ठेवलं. मंडळीनं दोन्ही वाटा शेवटी सोडल्या आणि चार वेगवेगळ्या साक्षी, त्यांच्यातल्या फरकांसकट, शेजारी शेजारी ठेवल्या. कोर्टात चार साक्षीदार शब्दाला शब्द सारखे बोलले तर वकील आधी संशय घेतो, हे आपण जाणतोच. मला तो निर्णय फार प्रामाणिक वाटतो.

आणि ती नावांची रांग. मत्तय यहुदी वाचकांसाठी लिहीत होता आणि त्यांचा पहिला प्रश्न आपल्या गावाकडच्या माणसासारखाच असणार: कुणाचा कोण? त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्यांत पिढ्या शोधणाऱ्या मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. पण ही वंशावळ नीट बघा. चौदा-चौदा पिढ्यांचे तीन गट पाडलेत, आणि गणित जमावं म्हणून काही राजे गाळलेत. बापांच्या त्या यादीत येशूच्या आईच्या आधी चार बायका येतात. तामार, जिनं आपला हक्क मिळवायला सासऱ्याला फसवलं. राहाब, यरीहोची वेश्या. रूथ, परक्या मवाब देशातली विधवा. आणि चौथीचं नावच नाही, 'उरीयाची बायको' म्हटलंय, म्हणजे उरीयाला मारवून त्याची बायको घेण्याचा दावीद राजाचा गुन्हा वाचणाऱ्याला विसरता येऊ नये. घराण्याची वंशावळ लिहिताना माणूस असल्या गोष्टी झाकतो. मत्तयनं त्या मुद्दाम पुढं ठेवल्या. तुम्ही कंटाळून उलटलेलं पान माझ्या दृष्टीनं नव्या करारातल्या सगळ्यांत धीट पानांपैकी एक आहे.

कॅथलिक मैत्रिणीच्या जाड पुस्तकाबद्दल थोडक्यात. येशूच्या आधीच मिसरातल्या (इजिप्तमधल्या) आलेक्सांद्रियात जुन्या कराराचं ग्रीक भाषांतर सुरू झालं होतं. त्या ग्रीक संग्रहात मक्काबींच्या पुस्तकांसारखे काही लेख होते, जे हिब्रू शास्त्राच्या यादीत आले नाहीत. पहिली मंडळी बहुतांशी ग्रीकच वाचत होती, म्हणून ते चालत आले. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारकांनी हिब्रू यादी प्रमाण मानली. कॅथलिक मंडळीनं 1546 मध्ये ट्रेंटच्या परिषदेत ते लेख शास्त्राचा भाग असल्याचं ठरावानं सांगितलं. म्हणून त्यांची पुस्तकं 73. नव्या करारात दोघांचा फरक नाही, 27 ची 27 तीच. ही 27 नावं नेमकी आजच्यासारखी आपल्याला पहिल्यांदा दिसतात ती आलेक्सांद्रियाचे बिशप अथनेशियस यांच्या सन 367 च्या पत्रात. यादी एका बैठकीत मतदान घेऊन झाली, असं कुणी सांगितलं तर मानू नका. बहुतेक पुस्तकं त्याआधी दोनशे वर्षं वाचनात रुळली होती. इब्री लोकांस पत्र, पेत्राचं दुसरं पत्र, प्रकटीकरण (नव्या करारातलं शेवटचं पुस्तक) अशा काहींवर वाद बराच काळ चालला.

मूळ हस्तलिखित एकाही पुस्तकाचं उरलेलं नाही, नकलांच्या नकला आहेत. मग भरवसा कसा ठेवायचा? वर्गात आम्ही एक प्रयोग करतो. एक पान एकानं हातानं उतरवायचं, त्यावरून दुसऱ्यानं, त्यावरून तिसऱ्यानं. तिसऱ्या प्रतीत हमखास एखादी ओळ गळते, एखादा शब्द दोनदा येतो. मग मूळ पान लपवून सगळ्या प्रती शेजारी ठेवायच्या आणि मूळ मजकूर शोधायचा. दहा प्रती असल्या की बहुतेक सगळा सापडतो. ग्रीक नव्या कराराची लहानमोठी हस्तलिखितं 5000 हून अधिक आहेत. एकनाथमहाराजांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीचे बिघडलेले पाठ शुद्ध केले, त्या जातीचं हे काम. त्यातून काही गोष्टी उघड होतात आणि त्या सांगायला घाबरू नये. मार्कच्या शेवटच्या बारा ओव्या सर्वांत जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत नाहीत. उलट 1947 मध्ये मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांत यशयाची गुंडाळी मिळाली. तोवर माहीत असलेल्या हिब्रू प्रतींपेक्षा ती सुमारे हजार वर्षांनी जुनी. स्पेलिंगचे, शब्दांचे फरक पुष्कळ निघाले, पण पुस्तक तेच निघालं.

मराठीत हे सगळं आलं दोनशे वर्षांपूर्वी. इंग्रज मिशनरी विल्यम कॅरींनी पंडित वैजनाथ यांच्या मदतीनं केलेलं मत्तयाचं शुभवर्तमान 1805 मध्ये श्रीरामपूरला, बंगालमधल्या, छापलं गेलं, आणि 1811 मधला नवा करार मोडी लिपीत होता. पुढं अमेरिकन मिशनऱ्यांनी मुंबईत काम केलं. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. आपल्या साताऱ्यात 1917 मध्ये 'देवाचा दरबार' सुरू करणारे ना. वा. टिळक हीच गोष्ट ओवी-अभंगांत सांगत होते. म्हणजे भाषांतराचा हातही या दप्तराला लागलेला आहे, आणि आजोबांच्या प्रतीची मराठी आजच्या प्रतीपेक्षा वेगळी निघाली तर त्याचं हेच कारण.

आता उपयोगाचं. सुरुवात मत्तयापासून करू नका, मार्कपासून करा. 16 अध्याय आहेत, एका रविवारी दुपारी होतात. मग लूकचा 15 वा अध्याय, हरवलेल्या मुलाचा. मग फिलेमोन. वंशावळीकडं त्यानंतर परत या. प्रकटीकरण सोबत कुणी जाणकार असल्याशिवाय उघडू नका. डोळे मिटून पान उघडायचं आणि दिसेल ती ओवी कौल म्हणून घ्यायची, असं काही जण करतात. माझ्या वर्गात मी ते करू देत नाही. ज्यानं पत्र लिहिलं त्याचं म्हणणं त्यात ऐकूच येत नाही. विज्ञानाच्या पुस्तकाची उत्तरंही इथं शोधू नका. तीमथ्याच्या त्याच पत्रात शास्त्र कशाला उपयोगी ते लिहिलंय: शिकवायला, चूक दाखवायला, सुधारायला, नीतीनं वागायचं वळण लावायला. पत्र लिहिलं तेव्हा शास्त्र म्हणजे जुना करारच होता, तरी आम्ही नव्यालाही तेच लावतो.

आणि वाचायला बसण्याआधी ते पुस्तक मिटलेलं असताना कडेनं बघा. इस्पितळात मिळालेल्या प्रती बहुधा कोऱ्या राहतात. तुमच्या आजोबांनी वाचलं असेल तर कुठंतरी कडा मळलेली दिसेल, एखादी पेन्सिलची रेघ असेल. तिथून सुरू करायला माझी काही हरकत नाही. फिलेमोनाचं पत्र शोधताना मात्र सावकाश उलटा. तीताच्या पत्रानंतर आणि इब्री लोकांस पत्राच्या आधी, एका पानात मावलेलं असतं, चटकन हातातून निसटतं.